वाटी, कप आणि ग्रॅम

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत मापाच्या दोन वस्तू एकाच ड्रॉवरमध्ये शेजारी शेजारी नांदत असतात. एक म्हणजे भारतातून बॅगेत घालून आणलेली स्टीलची वाटी, आणि दुसरी म्हणजे इथल्या दुकानातून घेतलेला, कडीत अडकवलेल्या प्लास्टिकच्या कपांचा जुडगा. रोजच्या आमटी-भाताला वाटी, केक किंवा नानकटाई करायची असली की कप, अशी कामाची वाटणी झालेली असते. दोघांचे सहसा भांडण होत नाही. पण घरात मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे माणूस असले, किंवा आई-वडील सहा महिन्यांसाठी राहायला आले, की "एक वाटी भात" आणि "एक कप भात" यांतला फरक एकदम महत्त्वाचा होतो. म्हणून आरोग्य आणि अर्थ या सदरात या वेळी स्वयंपाकघरातल्या मापांचा हिशेब मांडतो आहे. गणित चौथीच्या वरचे नाही, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही.

पहिली गोष्ट ही, की वाटी हे माप नसून प्रमाण आहे. "एक वाटी तांदळाची पिठी, एक वाटी पाणी" असे मोदकाच्या उकडीबद्दल आपण म्हणतो तेव्हा वाटी केवढी याला काहीच महत्त्व नसते. दोन्ही जिन्नस एकाच वाटीने मोजले की झाले. "रुचिरा"सारख्या पुस्तकात वाटी-चमच्याची मापे दिली आहेत, ती म्हणूनच घरोघरी चालली. प्रत्येकीची वाटी वेगळी, पण पदार्थ बिघडत नाही. अडचण येते ती वाटीच्या जगाबाहेरची एखादी ठाम वस्तू कृतीत शिरली म्हणजे. दोन अंडी, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, बटरची एक कांडी, यीस्टची एक पुडी यांचा आकार तुमच्या वाटीप्रमाणे बदलत नाही. आणि सर्वांत ठाम वस्तू म्हणजे आपले शरीर. इन्सुलिनचे युनिट किंवा दिवसाची मिठाची मर्यादा वाटीला विचारून ठरत नाही.

आपल्या आजी-आजोबांना हा भेद चांगला माहीत होता. धान्य मापाने घेत, गूळ आणि तूप वजनाने. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली, हे कोष्टक मापाचे. वजनाचा शेर निराळा आणि मापाचा शेर निराळा, आणि बाजारात कुठला शेर चालला आहे ते न सांगता कळायचे. १९५६ च्या कायद्यानंतर भारतात दशमान वजने-मापे आली, दुकानात किलो आणि लिटर आले, पण ओट्यावर वाटी राहिलीच. इकडे अमेरिकेत उलटे झाले. १८९६ साली फॅनी फार्मर यांनी बॉस्टनच्या पाकशाळेचे पुस्तक काढले आणि कप व चमचा काठोकाठ सपाट करून मोजायची सवय लावली. इंग्लंडातल्या गृहिणी तराजू वापरत राहिल्या, अमेरिकेने कप धरला. आपण या देशात आलो ते वाटीकडून कपाकडे, आणि म्हणून वजन मधल्यामधे राहून गेले.

आता आपली वाटी केवढी, ते कसे ओळखावे? स्वयंपाकाचा छोटा डिजिटल काटा घ्या. त्यावर रिकामी वाटी ठेवून शून्याचे बटण दाबा, आणि वाटी काठापर्यंत पाण्याने भरा. काटा जितके ग्रॅम दाखवील तितके मिलिलिटर तुमची वाटी. पाण्याच्या बाबतीत ग्रॅम आणि मिलिलिटर एकच, ही दशमान पद्धतीची मोठी सोय आहे. आमच्या घरातल्या तीन वाट्या मी अशा मोजल्या. लहान आमटीची ११० मि.ली., नेहमीची १५०, आणि ज्या वाटीला आई "आपली मापाची वाटी" म्हणते ती २००. तिन्हींना आम्ही वाटीच म्हणतो! चमच्याचेही तसेच. इथला टीस्पून ५ मि.ली. आणि टेबलस्पून १५ मि.ली. ठरलेला आहे. आपला पोह्याचा चमचा या दोहोंच्या मधे कुठेतरी बसतो, आणि शीग लावली तर कुठे बसेल ते सांगता येत नाही.

कपाचेही एकच माप आहे असे समजू नका. अमेरिकन कप सुमारे २३७ मि.ली. चा, पण अन्नाच्या पाकिटावरील पोषणाच्या चौकटीसाठी तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियातला २५०, जपानी पुस्तकातला २००. आणि राइस कुकरबरोबर जो पारदर्शक कप येतो तो बहुधा १८० मि.ली. चा असतो. कुकरच्या भांड्यावरील पाण्याच्या रेघा त्याच कपासाठी आखलेल्या असतात. तो कप हरवला म्हणून ड्रॉवरमधल्या कपाने तांदूळ घालून पाणी रेघेपर्यंत भरले, की भात फडफडीत राहतो आणि दोष तांदळावर जातो.

हे झाले मापातून मापात जाणे. मापातून वजनात जाणे याहून थोडे नाजूक, कारण इथे जिन्नस मधे येतो. कपभर मध ३४० ग्रॅम भरतो आणि कपभर चाळलेले बेसन ९२. कप तोच, वजन जवळजवळ चौपट. म्हणून "एक कप म्हणजे किती ग्रॅम?" या प्रश्नाला "कशाचा?" हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. आमच्या धंद्यात असल्या चुकांना मोठा मान आहे. १९८३ च्या जुलैमध्ये एअर कॅनडाचे मॉन्ट्रियलहून एडमंटनला निघालेले बोइंग ७६७ विमान वाटेत, आकाशात, इंधन संपून बंद पडले. टाकीतले इंधन लिटरमध्ये मोजले होते, विमानाला हिशेब हवा होता किलोत. एका लिटर इंधनाचे वजन सुमारे ०.८ किलो, पण गुणाकार केला गेला १.७७ ने. तो आकडा पौंडांचा होता. त्यामुळे लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहून कमी इंधन टाकीत होते. वैमानिकाने ते प्रचंड धूड घरंगळत गिम्ली येथील जुन्या विमानतळावर उतरवले आणि सगळे वाचले. गुणाकार बरोबर होता, फक्त आकडा दुसऱ्या एककाचा होता. आपल्या स्वयंपाकघरात याच जातीची चूक होते, विमान पडत नाही एवढेच.

खालचे कोष्टक कापून फ्रिजवर लावण्यासाठी आहे. सगळे आकडे एका अमेरिकन कपाचे, काठाशी सपाट केलेल्या, आणि ग्रॅममध्ये. पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे होणारच.

पाणी – २३७
दूध – २४४
दही – २४५
तेल – २१८
तूप, पातळ केलेले – २०५ ते २१५
बटर – २२७ (म्हणजे दोन कांड्या)
साखर – २००
पिठीसाखर – १२०
मध – ३४०
मैदा – १२५
कणीक – १२० ते १३०
बेसन, चाळलेले – ९२
रवा – १७०
तांदूळ, कच्चा – १८५
मसूर किंवा तुरीची डाळ – १९० ते २०५
साबुदाणा – १५०
शेंगदाणे – १४५
ओला नारळ, खवलेला – ८०

आपल्या वाटीचा आकडा काढायचा तर वाटीचे मि.ली. भागिले २३७, गुणिले कोष्टकातील ग्रॅम. १५० च्या वाटीत कच्चा तांदूळ सुमारे ११७ ग्रॅम बसतो. पोहे मी मुद्दाम गाळले आहेत. पातळ, जाड, दगडी, भाजके, प्रत्येकाचा आकडा वेगळा, तेव्हा त्यांना काट्यावरच बसवावे. गुळाचेही तेच. चिरलेला गूळ, किसलेला गूळ आणि दाबून भरलेला गूळ हे मापाच्या दृष्टीने तीन वेगळे पदार्थ आहेत.

पिठांच्या बाबतीत एक इशारा. पीठ चाळून हलक्या हाताने कपात घातले तर मैदा ११५ ग्रॅम भरतो, आणि कपच पिशवीत खुपसून दाबून काढला तर तोच १४० च्या वर जातो. पोळ्यांना याने काही फरक पडत नाही, कारण कणीक भिजवताना हात पाण्याचा अंदाज घेत असतो. केकला मात्र हात नसतो.

कोष्टक हाताशी नसेल तर? तर ते तुमच्या पाकिटावरच छापलेले आहे, आणि याकडे आपले फार क्वचित लक्ष जाते. १९९० च्या कायद्यानंतर, १९९४ पासून, इथल्या बंद पाकिटांवर पोषणाची चौकट सक्तीची झाली. त्या चौकटीत वरच एका खुराकाचे प्रमाण घरगुती मापात आणि ग्रॅममध्ये, दोन्ही तऱ्हांनी, लिहावे लागते. तांदळाच्या पिशवीवर "१/४ कप (४५ ग्रॅम)" असे दिसेल. म्हणजे कपाला १८०. मैद्याच्या पिशवीवर १/४ कपाला ३० ग्रॅम, म्हणजे कपाला १२०. कोष्टकाहून थोडा फरक आहे, पण हा आकडा तुमच्या हातातल्या पिशवीचा आहे, तेव्हा तोच खरा धरावा. त्याच चौकटीत खाली कर्बोदके आणि सोडियम दिलेले असते, आणि आपल्याला पुढे लागणार आहे ते तेच.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मधुमेहाच्या आहारात इथले आहारतज्ज्ञ कर्बोदके मोजायला शिकवतात. १५ ग्रॅम कर्बोदके म्हणजे एक हिस्सा, आणि एक तृतीयांश कप शिजलेला भात म्हणजे साधारण एक हिस्सा. सपाट भरलेल्या एक कप शिजलेल्या पांढऱ्या भाताचे वजन सुमारे १५८ ग्रॅम आणि त्यात ४५ ग्रॅम कर्बोदके. आता समजा, पुण्याच्या डॉक्टरांनी काकांना "जेवणात एक वाटी भात" सांगितले आहे. १५० मि.ली. च्या वाटीत भात बसतो सुमारे १०० ग्रॅम, कर्बोदके २८. इथे आल्यावर सूनबाई काळजीपोटी मापाने वाढायचे म्हणून कपाने वाढतात, आणि एका कपात १७ ग्रॅम कर्बोदके जास्त जातात. म्हणजे एका हिश्शाहून अधिक. ज्यांना जेवणातील कर्बोदके मोजून इन्सुलिन घ्यावे लागते, आणि समजा दहा ग्रॅमला एक युनिट असे ज्यांचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिले आहे, त्यांच्यासाठी हा फरक जवळजवळ दोन युनिटांचा झाला. उलट बाजूही आहे, आणि ती अधिक धोक्याची. कपाचा हिशेब धरून इन्सुलिन टोचले आणि ताटात भात पडला लहान वाटीने, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर आणि मग धावपळ. तेव्हा आपल्या ज्येष्ठांना इथल्या डॉक्टरांकडे नेताना "वाटी" असे सांगू नका. वाटी मोजा आणि ग्रॅम सांगा. आणि इन्सुलिनचे प्रमाण या लेखावरून बदलू नका, ते काम डॉक्टरांचेच.

पण आपले जेवण म्हणजे नुसता पांढरा भात थोडाच असतो! खिचडी आहे, मसालेभात आहे, बिशीबेळे आहे. या पदार्थांचा आकडा कुठल्याच कोष्टकात तुमच्या हातचा म्हणून मिळणार नाही. त्यासाठी मी एक रीत सांगतो. कच्चा माल तोला, पातेले तोला, आणि भाग करा. उदाहरणार्थ मुगाच्या डाळीची खिचडी. तांदूळ १५० ग्रॅम. कच्च्या तांदळात सुमारे ८० टक्के कर्बोदके, म्हणजे १२०. मुगाची डाळ ७५ ग्रॅम. तिच्यात साधारण ६२ टक्के, म्हणजे ४६ किंवा ४७. एकूण १६७ धरू. तेल, जिरे, हळद यांतून नाव घेण्याजोगे काही येत नाही. पातेल्याचे रिकामे वजन आधी लिहून ठेवा. खिचडी शिजली की पातेले पुन्हा काट्यावर ठेवा आणि रिकामे वजन वजा करा. समजा खिचडी भरली ९०० ग्रॅम. आता काकांच्या ताटलीत २५० ग्रॅम वाढली, तर कर्बोदके १६७ गुणिले २५० भागिले ९००, म्हणजे ४६. पाणी कमी-जास्त झाले, खिचडी सैल झाली की घट्ट, तरी हा हिशेब चुकत नाही, कारण पाण्यात कर्बोदके नसतात आणि ते दोन्हीकडे मोजले गेले आहे. वाटीने मोजले असते तर सैल खिचडी आणि घट्ट खिचडी यांत हिशेब पार बिघडला असता. पातेल्यांचे रिकामे वजन मार्करने बुडाशी लिहून ठेवले की रोज तोलावे लागत नाही. (सासूबाईंची आधी परवानगी घ्यावी.)

पोळीला हे आणखी सोपे. कणकेत सुमारे ७२ टक्के कर्बोदके. ३०० ग्रॅम कणकेच्या बारा पोळ्या केल्या तर पोळीमागे २५ ग्रॅम कणीक आणि १८ ग्रॅम कर्बोदके. पंधरा केल्या तर साडेचौदा. उंडे डोळ्याच्या अंदाजाने एकसारखे करणाऱ्या आपल्या बायकांचा हात काट्याहून फारसा मागे नसतो, हेही सांगायला हवे.

मिठाचे प्रकरण वेगळे. रक्तदाब असलेल्यांना दिवसाला सोडियम २३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला इथले आहारविषयक मार्गदर्शन सांगते, आणि जागतिक आरोग्य संघटना तर २००० म्हणते, म्हणजे मीठ ५ ग्रॅम. साधे बारीक मीठ एक टीस्पून सपाट घेतले तर ६ ग्रॅम, आणि त्यात सोडियम सुमारे २३०० मिलिग्रॅम. दिवसाचा सगळा वाटा त्या एका चमच्यात. आणि लोणचे, पापड, पाव, फरसाण यांतले मीठ अजून मोजायचेच आहे. इथे गोंधळ करते ते जाड दाण्याचे कोशर मीठ. ते पोकळ असते, म्हणून चमच्यात कमी बसते. काही ब्रँडचे टीस्पूनला ३ ग्रॅमसुद्धा भरत नाही, काहींचे ५ च्या आसपास भरते. त्यामुळे इंग्रजी पुस्तकात "दोन चमचे कोशर मीठ" असे लिहिले असेल आणि आपण घरातले बारीक मीठ दोन चमचे घातले, तर पदार्थ दुप्पट खारट होऊ शकतो. आणि उलट, कोशर मीठ "कमी सोडियमचे" असते हा समजही खरा नाही. ग्रॅमला ग्रॅम तोलले तर दोन्ही मिठात सोडियम जवळजवळ सारखेच. फक्त चमचा फसवतो. शिवाय कोशर मिठात बहुधा आयोडीन नसते, तेवढे ध्यानात ठेवावे.

आता थोडे खिशाकडे. इथे औंस दोन आहेत आणि दोघांचे नाव एक. एक वजनाचा, २८.३५ ग्रॅमचा. दुसरा द्रवमापाचा, सुमारे २९.६ मि.ली. चा. पाण्यापुरते दोघे जवळजवळ सारखे, पण बाकी ठिकाणी नाही. दुकानात शेजारी शेजारी दोन डबे असतात. कंडेन्स्ड मिल्कचा १४ औंसांचा, तो वजनाचा औंस, ३९७ ग्रॅम. इव्हॅपोरेटेड मिल्कचा १२ औंसांचा, तो द्रवमापाचा, म्हणजे दीड कप. १४ मोठा आकडा म्हणून पहिल्या डब्यात दूध जास्त असेल असे वाटते, पण त्यात मावते जेमतेम सव्वा कप. बासुंदीच्या कृतीत एकाच्या बदली दुसरे मोजताना हे लक्षात असू द्या. मधाची १२ औंसांची बाटली तशीच. ती आकाराने एक कपच आहे, दीड नाही. डब्यावर "नेट वेट" लिहिले असेल तर वजन, आणि "फ्लुइड" शब्द असेल तर द्रवमाप.

भारतीय दुकानात किलो आणि पौंड एकाच फळीवर असतात. २ किलोची तूरडाळ आणि ४ पौंडांची तूरडाळ दिसायला सारखी, पण २ किलो म्हणजे ४.४ पौंड. समजा दोन्हींची किंमत ८ डॉलर. पहिली पौंडाला १.८२ पडली, दुसरी २.००. कणकेची २० पौंडांची पिशवी ९.०७ किलोची, १० किलोची पिशवी २२ पौंडांची. फळीवरच्या छोट्या चिठ्ठीवर एककाचा भाव लिहायची सक्ती काही राज्यांत आहे, काहींत नाही, आणि जिथे आहे तिथेही एका पिशवीला पौंडाचा आणि शेजारच्या पिशवीला औंसाचा भाव लावलेला आढळतो. १६ ने भागायची तयारी ठेवावी.

मंडळाच्या सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिराही याच हिशेबात बसतो. घरी सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी साखर, सव्वा वाटी तूप असे आपण मापाने घेतो. मंडळासाठी करताना तेच वजनावर नेऊन सव्वा किलो, सव्वा किलो, सव्वा किलो होते. सम प्रमाण दोन्हीकडे, पण ते सारखे नाही. मापाने सम म्हणजे १७० ग्रॅम रव्याला २०० ग्रॅम साखर आणि सुमारे २१० ग्रॅम तूप. वजनाने सम केले की रव्याच्या मानाने साखर १५ टक्के आणि तूप १९ टक्के कमी पडते. "घरच्यासारखा लागत नाही" असे प्रसाद घेताना जे कानावर येते त्याचे निम्मे उत्तर इथे आहे. घरची चव हवी असेल तर सव्वा किलो रव्याला साखर साधारण १ किलो ४७० ग्रॅम आणि तूप दीड किलोच्या थोडे वर धरावे. ते धरावे की नाही, हे मधुमेहाचा वरचा परिच्छेद वाचून ठरवा.

काटा घेताना ५ किलोपर्यंत तोलणारा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि शून्याचे बटण असलेला घ्यावा. दहा-वीस डॉलरमध्ये चांगला मिळतो. त्यावर पाच ग्रॅमच्या आतल्या वस्तू मात्र तोलू नयेत. हिंग, वेलची, यीस्ट, बेकिंग सोडा यांना चमचाच बरा, कारण तिथे एका ग्रॅमची चूकही फार होते.

आणि लहान मुलांच्या पातळ औषधाला यांतले काहीच वापरू नका, ना काटा, ना वाटी, ना टेबलावरचा चमचा. टीस्पून आणि टेबलस्पून यांच्या लघुरूपांत एकाच अक्षराचा फरक, पण औषधात तिप्पट. म्हणूनच २०१५ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने पातळ औषध फक्त मिलिलिटरमध्ये लिहावे अशी शिफारस केली. आजी-आजोबा नातवंडाला सांभाळत असतील तर त्यांना "एक चमचा दे" असे फोनवरून सांगण्यापेक्षा बाटलीबरोबर आलेल्या सिरिंजवर योग्य त्या मिलिलिटरच्या रेघेशी रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा. सिरिंज हरवली असेल तर औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टकडे मागा, बहुतेक ठिकाणी ते तशीच देतात.